आसरेचे ओले पाय

१

बोरतळीच्या तलावात सकाळी मासे मेलेले सापडले. चार-दोन नव्हेत, काठाला पांढऱ्या पोटांचा पट्टाच लागला होता. मला फोन आला तो चंद्रभानभाऊंचा. ते तलाव समितीचे अध्यक्ष आहेत आणि त्यांचा फोन येतो तेव्हा ते काही कळवत नाहीत, बजावतात.

"मॅडम, तुमच्या राखनदारानं तलावात औषध टाकलं. आमी त्याले चौकीत बसवून ठुला हाय. दिवस बुडाच्या आधी सभा, मंग पोलीस. तुमच्या संस्थेचा मानूस, म्हनून तुमाले आधी सांगतलं."

मी "बरं" म्हणाले. मेलेले मासे, पकडलेला माणूस, येणारे पोलीस, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या नद्या आणि तळी वाचवण्याच्या कार्यक्रमाची मी समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे जिला सगळे सांगतात आणि जिचं कुणी ऐकत नाही. तेल्हाऱ्याकडचा एक नाला आम्ही दोन वर्षं खपून जिवंत केला होता, तो यंदा कुणीतरी मातीनं बुजवून त्यावर प्लॉट पाडले. तेव्हापासून आतलं काहीतरी बंद पडल्यासारखं झालंय. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी गोळी दिली आहे. तिनं झोप येते, पण दिवसाही पुरती जाग येत नाही.

श्यामभाऊंनी गाडी काढली. आमचे ड्रायव्हर श्यामभाऊ रस्ताभर बोलतात, ही त्यांची माझ्यावरची मेहरबानी. भातकुली मागे पडली, ऊन असं की रस्ता डोळ्यांत घुसत होता.

"मॅडम, भगवंत असं करन, हे तुमाले पटते?" श्यामभाऊंनी विचारलं. भगवंत म्हणजे तोच राखणदार.

"माणसं काहीही करतात," मी म्हणाले.

चौकी म्हणजे तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभी असलेली पत्र्याची खोली. दारात चार माणसं बसलेली, आत भगवंत. गावातल्या भोई घरांपैकी एकाचा हा चाळिशीचा माणूस. मासेमारी करतो आणि आमच्यातर्फे तलावाची राखण करतो. चंद्रभानभाऊंनी माझ्यासमोर प्लॅस्टिकचा एक डबा आपटला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा, रिकामा.

"हा त्याच्या झोपडीत सापडला. आनखी काय पायजे?"

मी भगवंतकडे पाहिलं. तो नाकारेल, रडेल, देवाच्या शपथा घेईल, असं मी धरून चालले होते.

"हो मॅडम," तो म्हणाला. "म्याच टाकलं."

२

दारातल्या माणसांना मी बाहेर घालवलं. भगवंत भिंतीला टेकून बसला होता, हात गुडघ्यांवर.

"भगवंतभाऊ, काय टाकलं?"

"औषध."

"कोणतं?"

त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "थेच."

"किती?"

"सारं."

मी डबा उचलून हुंगला. या औषधाचा वास एकदा नाकात बसला की जेवण जात नाही. डब्याला वास होता तो चिखलाचा आणि शेवाळाचा. झाकण घट्ट पिळलेलं, आणि त्याच्या गळ्याला नायलॉनची दोरी दोन फेरे घेऊन आवळलेली. दोरी उन्हानं पांढरी पडून गेली होती. काल औषध ओतलेला डबा असा दिसत नाही. हा डबा कित्येक महिने जाळ्याला बांधून पाण्यावर तरंगत असला पाहिजे.

"काहून टाकलं?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

त्यानं जमिनीवरची एक मुंगी बोटानं बाजूला केली.

"तुमी जा ना मॅडम. तुमाले इतल्या उन्हात काहून त्रास? म्या कबूल केलं, झालं ना."

"तुरुंगात जाशील. आठही भोई घरांचं वर्षाचं पोट गेलंय. गाव तुला सोडणार नाही."

"जाईन," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्याची नजर खिडकीतून तलावाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

खोटं बोलून सुटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या कामात तीच जास्त भेटतात. खोटं बोलून अडकणारा मात्र हा पहिलाच. माणूस असं करतो तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. कुणाला?

३

मी पाण्याकडे उतरले. श्यामभाऊ नाकाला रुमाल लावून मागून आले. रोहू, कटला, मृगल, तिन्ही जातींचा खच पडला होता, आणि मोठाले मासे जास्त. बगळे आणि कावळे त्यांवर ताव मारत होते. एक बगळा तर खाऊन इतका सुस्तावला होता की आम्ही जवळ गेलो तरी उडेना.

"श्यामभाऊ, यात मरळ दिसते का बघा. किंवा मांगूर."

श्यामभाऊ मासे खाणारे असल्यानं त्यांनी हे काम मन लावून केलं. खाली-वर फिरून आले.

"एकबी नाही मॅडम. पन जित्ती मरळ पाह्यली म्या. थो काय, तोंड वर काढून राहिली."

खरंच, गढूळ पाण्यात मरळ मजेत तोंड वर काढत होती. मला जे हवं होतं ते मिळालं. विष मासा ओळखून मारत नाही. विषानं रोहू गेला असता तर मरळही गेली असती, आणि रोहू खाणारा बगळा असा सुस्तावून उभा राहिला नसता. मरळ आणि मांगूर वर येऊन हवा घेऊ शकतात. बाकीच्यांना पाण्यात विरघळलेली हवाच लागते, आणि ती मोठ्या माशाला जास्त लागते. म्हणजे हे मासे गुदमरले होते. पाणी थोडं, मे महिन्यातलं ऊन, पहाटे पाण्यातली हवा संपली. टाकायला कुणाला काही लागलंच नव्हतं.

भगवंत सुटला, असं क्षणभर वाटलं. पण लगेच गाडं अडलं. पाणी इतकं थोडं झालंच कसं?

हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी जनावरही तोंड वाकडं करून पितं, पिकाला तर ते चालतच नाही. गोड पाणी काय ते तलावाचं, म्हणून मोटरी सगळ्यांच्या तलावावर. मासे आणि पक्षी यांच्यासाठी किती पाणी राखायचं, त्याची खूण म्हणून आम्ही लोखंडी पट्टी रोवली होती. आठवडाभरात ती भंगारात गेली. तेव्हा सभेत चंद्रभानभाऊच म्हणाले होते, "लोखंड चोरता येते, आसरेले कोन हात लावते?" साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, शेंदूर माखलेले सात दगड. ठरलेल्या पातळीवर ते बसवले. आसरेचे पाय ओले तोवर मोटर चालवा, पाय कोरडे झाले की बंद. पुण्याच्या ऑफिसला ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिचं पोस्टर केलं.

मी आसरांपाशी गेले. सातही दगड ओळीनं बसलेले, ताजा शेंदूर, आणि पाण्याची लहानशी लाट त्यांच्या पायांना लागून परत जात होती. पाय ओले होते. म्हणजे नियम कुणीही मोडला नव्हता.

पण आसरेचे पाय ओले असताना तलावाच्या मधोमध पुरुषभर पाणी असायला हवं. आणि मधोमध एक बगळा उभा होता. त्याचे गुडघेसुद्धा बुडाले नव्हते.

४

तलावावर चंद्रभानभाऊंच्या दोन मोटरी. ते बाभळीच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते.

"भाऊ, मोटर कधीपर्यंत चालवली?"

"काल सांजलोक. पाय ओले होते आसरेचे. म्या रोज सोता पाहून बटन दाबतो." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली. "मॅडम, म्या लय वंगाळ असन, पन आसरेची खोटी शपथ खाणारा नाही. माहे लेकरं हायेत."

त्यांच्यावर माझा विश्वास बसला आणि त्याचा रागही आला. भुईमूग हिरवागार उभा होता त्यांचा.

"मग पाणी गेलं कुठं?"

"उन्हानं गेलं असन," ते म्हणाले. "नाहीतर त्या भगवंताले इचारा. त्यानं कबूल केलं, अन तुमी आमाले इचारून राहिल्या."

तलावाचं पाणी उतरतं तशी मोकळी पडलेली गाळाची जमीन बेबीताई कसतात. त्यांची ही वेलांची वाडी: टरबूज, काकडी, डांगर. भाजी विकून दोन मुली शिकवलेली बाई, बोलायला फटकळ. आमच्या नियमामुळे त्यांना आसरेच्या रेषेखाली वेल लावायला मनाई होती आणि त्या मला दर भेटीत त्यावरून ऐकवायच्या. आज मात्र काही बोलल्या नाहीत. उलट त्यांनी टरबुजाची फोड पुढे केली.

"खा. मासे मेले म्हनून मानसानं उपाशी मरा लागते का?"

"बेबीताई, औषधाचा डबा भगवंताकडं कुठून आला?"

"म्याच देल्ला. मांगच्या सालात. त्याले जायाले बांधाले पायजे होता, म्या धुऊन देल्ला. हे म्या त्या चंद्रभानले सकायीच सांगतलं, पन आयकते कोन? आमी बायका."

"तुमची वाडी यंदा बरीच खाली गेली."

त्यांनी फोड खाली ठेवली. "म्या आसरेच्या खाली एक बी लावली नाही. पानी उतरलं तशी खाली लावत गेली, पन आसरा कायम माह्या पुढं. पाहा ना, आताबी पुढंच हाय."

पुढंच होती. पण वाडी तर पाळीकडून पार उतरत आली होती. आसरा पुढेच राहिल्या असतील, तर त्याही उतरल्या असल्या पाहिजेत.

मी वेलांमधून उलटी, वर पाळीकडे चालू लागले. गाळाला भेगा पडल्या होत्या, पाय अडकत होते. वाडीच्या वरच्या टोकाशी, जिथं हिवाळ्यात आम्ही दगड बसवले होते, तिथं टरबुजाच्या पानाखाली जमिनीवर तेलकट, शेंदरी डाग होता. शेजारी नारळाची करवंटी, हिरव्या बांगडीचा तुकडा. थोडं खाली आणखी एक डाग. त्याच्याखाली आणखी एक. श्यामभाऊंनी माझ्या मागे उभं राहून पायातल्या चपला काढल्या.

दगड चालत खाली गेले होते.

५

आसरेला कुणी हात लावत नाही. चंद्रभानभाऊ लावणार नाहीत, त्यांना लेकरं आहेत. बेबीताईंना दगड खाली गेल्याचा फायदा, पण त्यांनी डाग पुसले असते. वाडी रोज त्यांच्याच हाताखाली असते. हलवणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं. प्रत्येक जागी रीतसर पूजा केली होती, नारळ फोडला होता, बांगडी वाहिली होती. आपण काही चुकीचं करतोय असं ज्याला वाटतच नाही, त्याचं हे काम होतं. आणि गावात आसरेला हात लावायचा मान एकाच घराचा आहे.

भगवंत कुणाला पाठीशी घालत होता, ते मला कळलं. कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

पार्बताबाई, म्हणजे भगवंतची आई, दारात बसून ज्वारी निवडत होती. वय झालेलं, कानानं कमी. मासे मेल्याचं तिला ठाऊक होतं. लेकाला धरून ठेवलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; तो राखणीवर आहे, एवढंच तिच्या डोक्यात.

"आजी, आसरा खाली कुणी नेली?"

"म्या नेली," ती म्हणाली. सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "पानी खाली गेलं की आसरा खाली न्या लागते. तिचे पाय कोरडे राहू देऊ नाही. माह्या सासूनं नेली, आता म्या नेतो."

"पण आपण सभेत ठरवलं होतं ना, तिथंच ठेवायची म्हणून?"

"मले म्हनलं इथं बसव, म्या बसवली. तिथून हलवू नको असं मले कोनी म्हनलं नाही."

मी आठवून पाहिलं. सभा पुरुषांची झाली, ठराव चंद्रभानभाऊंनी वाचला, टाळ्या झाल्या आणि मग कुणीतरी म्हणालं, जा, पार्बताबाईले बोलाव दगड बसवाले. ती आली, बसवून गेली. तिला तिथं थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

"एकदा ठुली होती कोरडी," ती आपणहून म्हणाली. "म्या बिमार होती. उन्हायाभर आसरा वर, पानी खाली. त्याच सालात पूर आला अन माहा थोरला याच तलावात गेला. दोरी सोडाले गेल्ता होडीची. भगवंताहून मोठा होता थो, देवानंद." तिचे हात थांबले नाहीत. "तवापासून म्या पाय कोरडे होऊ देत नाही. हा एकच उरला ना मले. थोबी पान्यावरच राहते."

मी तिच्यासमोर मातीत बसले. दगड खाली गेले, म्हणून मोटरी चालत राहिल्या, म्हणून पाणी आटलं, म्हणून मासे गुदमरले. भगवंतनं आईला दगड हलवताना पाहिलं असणार, राखणदारच तो. तिला थांबवणं त्याला जमलं नाही, आणि आता गावानं तिच्याकडे बोट दाखवू नये म्हणून त्यानं ते बोट स्वतःकडे वळवलं. लोकांनी तिच्या आसरा काढून घेतल्या तर ती जगणार नाही, हे त्याला माहीत होतं.

मी गप्प बसले तर लेक जात होता. बोलले तर आईचा देव.

"आजी," मी म्हणाले, "भगवंताला पोलिसात देतायत. विष टाकलं म्हणून."

सूप खाली पडलं. ज्वारी मातीत सांडली आणि तिनं ती भरलीसुद्धा नाही. पदर खोचून माझ्याआधी ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

६

सभा पाळीवरच भरली होती, ऊन उतरलं होतं. भोई घरांतल्या बायका एका बाजूला, कुणाच्याही डोळ्यांत काही नाही. माझ्यासारख्याच दिसत होत्या. भगवंतला पुढे आणून बसवलेलं. पार्बताबाईला मी गाडीतच थांबवलं होतं; तिच्यासाठी त्यानं कबुली दिली, एवढं वाटेत तिला सांगितलं होतं.

मी डबा सगळ्यांना हुंगायला दिला. दोरी दाखवली. बेबीताईंनी उठून सांगितलं की डबा त्यांचा. श्यामभाऊंनी पाण्याकडे हात केला आणि एक जिवंत मरळ सगळ्यांना दाखवली. मासेमारी करणाऱ्या लोकांना बाकीचं समजावून सांगायची गरज पडली नाही. एक म्हातारा भोई हळूच म्हणाला, "खरं हाय. इख असतं त मरळ आधी मेली असती."

"मंग यानं कबूल काहून केलं?" चंद्रभानभाऊ उठले. "अन पानी कोनं कमी केलं?"

"तुमच्या मोटरींनी," मी म्हणाले.

"आसरेचे पाय ओले होते."

"होते. पण आसरा—"

"मॅडम, पुरे," भगवंत ओरडला नाही, विनवल्यासारखं बोलला. "म्या कबूल केलं. न्या मले. न्या."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. त्या क्षणी मला वाटलं, पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, की हे काम दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायला हवं होतं.

मला बोलावं लागलंच नाही. पार्बताबाई गाडीतून उतरली होती. गर्दीनं वाट दिली. ती चंद्रभानभाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"आसरा म्या हलवली," ती म्हणाली. "कोरडी होती."

वरच्या वाडीपासून खालच्या पाण्यापर्यंतचं अंतर प्रत्येकानं एकदा डोळ्यांनी मोजलं, ते मला दिसलं. चंद्रभानभाऊंनीही मोजलं. रोज बटण दाबताना दगड कुठे आहेत हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फक्त पाय पाहिले होते.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मासे मेले ना साऱ्याईचे. वर्षाचं पोट गेलं."

तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं भगवंतला उठवलं. दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, बाजारात जनावर पाहतात तसं सगळं अंग तपासलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं. मग तिनं वळून काठावरचे मासे पाहिले, सगळे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"थिनं मासे घेतले," ती म्हणाली. "पोरगं ठुलं."

भोई बायकांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. पोलिसांना फोन करायची आठवण कुणालाही राहिली नाही. चंद्रभानभाऊ वळले, मोटरीच्या पेटीपाशी गेले आणि दोन्ही फ्यूज काढून त्यांनी खिशात टाकले.

पाण्यातली हवा, उन्हाची तीव्रता, मोटरींची ताकद, सगळी कारणं माझ्याजवळ होती आणि ती सगळी खरी होती. तिला चूक ठरवायला मात्र मला त्यातलं एकही वापरता आलं नाही, कारण भगवंत समोर जिवंत उभा होता.